एका बुटाचा सत्कार

आमच्या सोमणवाडीत माणसाने काय केलं याची चौकशी नंतर होते, आधी त्याचा सत्कार होतो. गिरगावातल्या या चार चाळींनी आजवर दहावी पास झालेल्यांचा, परदेशी गेलेल्यांचा, परदेशातून परत आलेल्यांचा, आणि एकदा तर गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून एका गृहस्थांचाही सत्कार केला आहे. शाली एका कपाटात असतात आणि त्या कपाटाची किल्ली आमच्या ह्यांच्याकडे असते. आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र, सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सोमणवाडी उत्कर्ष मंडळाचे चिटणीस झाले. मधे एखादा दिवस तरी घरात बसतील असं मला वाटलं होतं.

अशा माणसाच्या पोटी शंतनु जन्माला आला. इंजिनिअर झाला, ऐरोलीला काचेच्या इमारतीत पाच वर्षं नोकरी केली, आणि एके दिवशी सोडून आला. म्हणाला, "मी आणि प्रिती गेम बनवणार." प्रिती म्हणजे त्याची कॉलेजची मैत्रीण, परळची. चित्रं तिची, आवाज तिचे, आणि बाकीचं डोकं शंतनुचं. आमच्या आतल्या खोलीत दोघांनी टेबल मांडलं.

"गेम? म्हणजे नोकरी सोडून तू खेळणार?" ह्यांनी विचारलं.

"खेळणार नाही बाबा, बनवणार."

"मग खेळणार कोण?"

"लोक."

तो 'लोक' शब्द ह्यांनी दोन वर्षं जपून ठेवला. महिन्यातून एकदा, भातावर वरण घेता घेता, विचारायचे, "आले का लोक?"

गेम छोटासाच होता, घरच्या साध्या कम्प्युटरवर चालणारा. एका अंतराळवीराचा एक बूट हरवलाय. उघडा पाय खाली टेकवता येत नाही, म्हणून तो लंगडी घालत या शिळेवरून त्या शिळेवर, या ग्रहावरून त्या ग्रहावर बूट शोधत जातो. असे सात ग्रह. खेळायला एकच कळ, खालची लांब, स्पेसबार. जितका वेळ दाबून धराल तितकी लांब उडी. गोम अशी की प्रत्येक ग्रहाची ओढ वेगळी. एकीकडे नुसता स्पर्श केला तरी पठ्ठ्या वर जातो आणि खाली येईपर्यंत चहा गाळून होतो. दुसरीकडे जीव खाऊन दाबलं तरी बोटभर उचलला जात नाही. अंदाज चुकला की काळोखात पडतो, मुकाट्याने, आणि ग्रहाच्या सुरुवातीला परत. कोपऱ्यात आकडा दिसतो: 'पडलात : ४७ वेळा'. तो आकडा कधीच कमी होत नाही.

"हा आकडा काढून टाक रे," मी शंतनुला म्हणाले होते. "लोकांना वाईट वाटेल."

"आई, तो आकडा म्हणजेच तर गेम आहे. पडल्याशिवाय त्या ग्रहाची ओढ कळणार कशी?"

मला हे सगळं ठाऊक, कारण तपासायला मीच होते. फोर्टातल्या एका कचेरीत मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते. बोटं अक्षरं मारतात, पण दोन शब्दांमधली जागा अंगठाच सोडतो, आणि माझ्या अंगठ्याने ती कधी चुकवली नाही. शंतनु नवा ग्रह बनवायचा, मला हाक मारायचा, मी पोळ्या आटपून बसायचे आणि पडायचे. मग तो विचारायचा, "कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "तिसरी शिळा लबाड आहे." प्रिती म्हणायची, "काकू, तुमच्या अंगठ्याचा विमा काढून ठेवा." ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी हे मंडळात असत.

शंतनुला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी एकदा खेळून बघावं. तोंडाने तो कधी म्हणाला नाही. पण हे खोलीत आले की स्वतःची खुर्ची तो जराशी बाजूला सरकवायचा. हे म्हणायचे, "पूर्ण झाला की बघू. अर्धवट कागदावर मी सही करत नाही." आणि किल्ली घेऊन निघून जायचे. मला दरवेळी राग यायचा, आणि तो मी पोळपाटावर काढायचे.

मग काय झालं, की छोट्या गेम्सच्या एका परदेशी प्रदर्शनात आमचा 'एक बूट' निवडला गेला. पेपरात चार ओळी आल्या. चार ओळींत दोन चुका होत्या, पण 'गिरगाव' बरोबर छापलं होतं. झालं! दोन वर्षं 'काय करतो तुमचा मुलगा, घरीच असतो ना?' असं विचारणारी वाडी त्या दिवशी संध्याकाळी पेढ्याची वाट बघत आमच्या दारात उभी राहिली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे बाहेर विकलं की मग इथे पिकलं होतं हे आठवतं.

सत्काराची पत्रिका छापून आली. अध्यक्ष हितेंद्रराव धुरंधर, त्याखाली कार्यकारिणीची एकवीस नावं, त्याखाली 'चि. शंतनु'.

"प्रितीचं नाव कुठे आहे?" मी विचारलं.

"जागा उरली नाही," हे म्हणाले. "कार्यकारिणी घ्यावीच लागते."

प्रितीला मी सांगितलं तेव्हा ती हसली. "चालतं हो काकू. आमच्या परळला पण पत्रिकेत कार्यकारिणीच असते." हसली खरी, पण त्या दिवशी तिने एकाच दगडाचा रंग संध्याकाळपर्यंत बदलत ठेवला.

प्रमुख पाहुणे होते रघुवीरशेठ, बिल्डर. आमच्या वाडीच्या पुनर्विकासाची बोलणी अकरा वर्षं चालू आहेत आणि रघुवीरशेठ हे चौथं स्थळ. त्यांनी स्टेजवर यायचं, कळ दाबायची, गेमचं उद्घाटन करायचं असं ठरलं. त्याची बैठक आमच्याच घरी होती.

"आणि समजा, पाहुणे पडले तर?" हितेंद्ररावांनी विचारलं.

"पडणारच," मी चहा आणता आणता म्हणाले. "पहिल्यांदा सगळेच पडतात."

मग महिला विभागाच्या बकुळाताई म्हणाल्या, "बिल्डर आपल्या वाडीत येऊन पहिल्याच उडीला खाली? नको गं बाई. अपशकुन आहे तो. टॉवर कसा उभा राहायचा मग?"

एकवीस माणसांनी माना डोलावल्या. यात दोन निवृत्त शास्त्रज्ञ होते. ठरलं असं की उद्घाटनापुरता, पाहुण्यांच्या मानासाठी, न पडणारा गेम करावा. मुलाला सांगायचं काम चिटणीसांकडे आलं.

"बाबा, न पडणारा म्हणजे तो गेमच नाही," शंतनु म्हणाला.

"काका, स्टंप उपटून ठेवायचे आणि मग म्हणायचं बॅटिंग करा," प्रिती म्हणाली. "आउट कोण होणार? काय मजा?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे," हे म्हणाले. "आणि त्या दिवशी चिटणीस या नात्याने मलाही खेळावं लागणार आहे."

मी शंतनुच्या तोंडाकडे बघत होते. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं, पण हे असं. त्याने मान हलवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे वेड्या, खोटं खेळायला देऊन खरी शाबासकी कुठून मिळणार? पण नाही बोलले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, माझा मला.

समारंभ थाटात झाला. दारात बकुळाताईंनी अंतराळवीराची रांगोळी काढली होती, दोन्ही पायांत बूट घातलेली. "एकच बूट बरा दिसेना," त्या म्हणाल्या. रघुवीरशेठ आले, हार झाला, नारळ झाला, आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबावं तशी कळ दाबली. पडद्यावरचा अंतराळवीर उडाला. जिथे पाय पडेल तिथे शिळा आपोआप सरकून येत होती. उद्घाटनाला शंतनुने पहिलाच ग्रह ठेवला होता. तो दोन मिनिटांत पार झाला. 'पडलात : ० वेळा'. टाळ्यांचा कडकडाट.

मग ज्येष्ठतेनुसार कार्यकारिणी. एकवीस शून्यं. एका सभासदांनी तर डोळे मिटून कळ दाबली, तरी पार झाले.

रघुवीरशेठ भाषणात म्हणाले, "गेम छान आहे, सोपा आहे, सहकुटुंब खेळण्यासारखा आहे. मी तर एका फटक्यात केला! आता या मुलाने यापुढे काहीतरी मोठं करून दाखवावं, अशी शुभेच्छा देतो." शंतनु शाल पांघरून उभा होता. प्रिती माझ्या शेजारी, तिसऱ्या रांगेत बसली होती. ती नुसती नखं बघत होती.

सगळ्यांत शेवटी हे बसले. चष्मा पुसला, अंगठा ठेवला, पार झाले. वळून शंतनुकडे बघितलं आणि म्हणाले, "शून्य!" बढतीचं पत्र आलं होतं त्या दिवसानंतर हा चेहरा मी पाहिला नव्हता.

"मस्त, बाबा," शंतनु म्हणाला.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "याला दोन वर्षं लागली? मला वाटलं होतं काहीतरी अवघड असेल." मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, तेच तर जास्त लागलं. शंतनु ताटात भात तसाच ठेवून उठला.

पुढच्या शुक्रवारी गेम विक्रीला आला. परदेशातून कोणी कोणी घेतला. एकाने लिहिलं, की नऊशे वेळा पडलो आणि आता मला एकूण एक शिळा तोंडपाठ आहे. वाडीनेही घेतला, शेजारधर्म म्हणून. शनिवारी सकाळी दहाला पहिली तक्रार आली. "शंतनु, अरे बिघडलाय तुझा गेम. माणूस पडतोय." हितेंद्रराव दुपारच्या जेवणापर्यंत नव्वद वेळा पडले. बकुळाताई पहिल्या शिळेवरून हलल्याच नाहीत. रघुवीरशेठ म्हणे मोठ्या ऐटीत आपल्या नातीसमोर बसले आणि ओळीने अकरा वेळा पडले, नात हसली, मग आमच्या अध्यक्षांना फोन गेला. सोमवारी मंडळाकडे लेखी अर्ज आला: 'समारंभात दाखवलेला गेम व प्रत्यक्ष विकलेला गेम यांत तफावत असून सभासदांची घोर दिशाभूल झाली आहे.' खाली सतरा सह्या होत्या.

हेही शनिवारीच खेळायला बसले होते. दुसऱ्या शिळेवर पडले. पुन्हा पडले. शंतनुला हाक मारली.

"हे काय? माझा तर शून्य होता."

शंतनु दारात उभा राहिला. "बाबा, तो न पडणारा होता. तुम्हीच सांगितला होतात करायला."

"तो पाहुण्यांसाठी."

"सगळ्यांसाठी एकच होता."

हे पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं."

"नाही."

ह्यांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि उठले. मला त्यांची दया आली, पहिल्यांदाच. ती फार टिकली नाही. कारण मंगळवारपासून हे रोज दुपारी मंडळाचा लॅपटॉप घेऊन वाडीच्या वाचनालयात जाऊन बसायला लागले. "विशेष सभा आहे. कागदपत्रं करायची आहेत," म्हणाले. विशेष सभेचा विषय मी सूचना फलकावर वाचला. विषय क्रमांक चार: न पडणारी आवृत्तीच सर्वत्र विकली जावी असा आग्रह धरणे, अन्यथा झालेला सत्कार शालीसह मागे घेणे. खाली सही, चिटणीस. पोटच्या पोराविरुद्ध! त्या आठवड्यात मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले, आणि कामही फारसं काढलं नाही.

सभेच्या आदल्या संध्याकाळी शंतनु स्वयंपाकघरात आला. "करून टाकतो आई. न पडणारा. बाबांची सभेत शोभा नको."

"आणि तुझा गेम?"

"गेम काय," तो म्हणाला. "दुसरा बनवू."

दोन वर्षं ज्याच्या पायी या पोराने रात्रीचा दिवस केला, तो गेम शालीच्या भीतीने मरणार होता. मी रडले. कांदा चिरत नव्हते.

सभेला गणेशोत्सवात होते त्याहून जास्त गर्दी. अर्जदारांनी आपापली दुःखं मांडली. एक म्हणाले, "समारंभात मी शून्य होतो, घरी एकशे वीस. माझ्या सुनेसमोर!" पडलो तरी नाक वर, ही म्हण मी ऐकली होती, पण पडायलाच नको असा ठराव पहिल्यांदा बघत होते. हितेंद्रराव म्हणाले, "रघुवीरशेठ नाराज आहेत. टॉवरचा प्रश्न आहे. शंतनु समजूतदार मुलगा आहे." शंतनु मागच्या भिंतीला टेकून उभा होता, शेजारी प्रिती. तो बोलायला पुढे सरकला.

तेवढ्यात हे उभे राहिले. "विषय क्रमांक चार. ठराव वाचण्यापूर्वी चिटणीस या नात्याने एक खुलासा." आणि मंडळाचा लॅपटॉप त्यांनी पडद्याला जोडला.

पडद्यावर तिसरा ग्रह होता. त्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'पडलात : ६१२ वेळा'.

"हे कुणाचं, शरद?" हितेंद्ररावांनी विचारलं.

"माझं." हे कागद हातात घेऊन उभे होते, पण कागदात बघत नव्हते. "त्या दिवशीचा शून्य आपण मागून घेतला होता. कार्यकारिणीने मागितला, मी मुलाला सांगितलं, त्याने माझ्या शब्दाखातर दिला. दिशाभूल झाली असेल तर ती माझ्या सहीने झाली आहे. हे सहाशे बारा मात्र माझे आहेत. वाचनालयात बसून केलेले. पहिला ग्रह पार झाला तेव्हा तिथे टाळी वाजवायला कुणी नव्हतं, आणि मला फार आनंद झाला." हातातले कागद टेबलावर ठेवले. "छत्तीस वर्षं नोकरीत माझी एक चूक कुणी दाखवली नाही. कारण जिथे पडणार नाही तिथेच मी उभा राहिलो. मुलगा दोन वर्षं आतल्या खोलीत काय करत होता, ते मला आत्ता कळलं. मुलगा आणि प्रिती साळवे. पत्रिकेत जागा नव्हती. इतिवृत्तात आहे; मी लिहिलंय."

शंतनु पुढे सरकला होता तिथेच उभा राहिला. प्रितीने एकदम तोंड फिरवलं आणि भिंतीवरची देणगीदारांची पाटी वाचायला लागली.

"ठरावाला सूचक आहेत," हे म्हणाले. "अनुमोदक कोण?"

कुणी हात वर केला नाही. मग हितेंद्रराव जरा पुढे वाकले आणि हळू आवाजात, पण माईक चालू होता, म्हणाले, "शरद, दुसऱ्या ग्रहावरची ती फिरती शिळा... किती मोजून सोडायचं?"

"तीन."

"तीन? मी दोनच मोजतोय रे!"

"मी तर मोजतच नव्हते!" बकुळाताई ओरडल्या. आणि सभा संपली. म्हणजे तहकूब झाली नाही, बरखास्त झाली नाही. सगळे खुर्च्या ओढून लॅपटॉपभोवती जमले आणि आपापले आकडे सांगायला लागले. ज्यांनी मघाशी एकशे वीस सांगितले होते, ते आता दोनशे कबूल करायला लागले. रघुवीरशेठ अजून नाराज आहेत. टॉवर झाला तर होईल. अकरा वर्षं थांबलोच आहोत.

घरी आलो. ह्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि आतल्या खोलीत गेले. शंतनुने खुर्ची सरकवली. हे बसले.

"तिसऱ्याच्या पुढे गेलंय का कुणी?" ह्यांनी विचारलं.

"एकच जण सातव्यापर्यंत गेलंय," शंतनु म्हणाला. "आईला विचारा."

हे वळले. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला मीठ कुठे आहे, चष्मा कुठे आहे, असं पुष्कळ विचारलंय. आता नुसतेच बघत राहिले.

"तुझा आकडा किती?"

"अकरा हजार चारशे आठ," मी म्हणाले.

मग लहान मुलासारखे म्हणाले, "आणि बूट? सापडतो का शेवटी?"

"ते मी सांगणार नाही. सरका जरा." मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "आणि अंगठा असा आखडून धरू नका."

त्या दिवशी कुकर शंतनुने लावला.